‘सगळं आधीच घडून गेलंय’ म्हणणाऱ्या मजकुराला उत्तर

‘काळ हा भ्रम आहे : आइन्स्टाइनने सिद्ध केलं, ऋषींना आधीच माहीत होतं’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. सोसायटीचा ग्रुप, भजनी मंडळाचा ग्रुप, गोदापार्कला सकाळी फिरायला येणाऱ्यांचा ग्रुप, कुठेही जा, तोच. असले मजकूर मी एरवी वाचून सोडून देते. हा सोडणार नाही, कारण पंचवटीत राहणाऱ्या माझ्या मावशीने तो वाचून रक्तदाबाची रोजची गोळी बंद केली. “जे व्हायचंय ते पुढे होऊनच बसलंय, मग गोळी कशाला?” असं ती मला म्हणाली. हे शब्द तिचे नव्हते. त्या मजकुरातल्या दुसऱ्या मुद्द्याचं शेवटचं वाक्य जवळजवळ असंच आहे.

मजकुरात एकूण सात मुद्दे आहेत. भूत, वर्तमान आणि भविष्य यांतला फरक खोटा असल्याचं आइन्स्टाइनने पत्रात लिहून ठेवलंय. भविष्य आधीच घडलेलं आहे, म्हणून आजार आणि आयुष्य दोन्ही ठरलेलं, औषधांची धडपड अज्ञानी लोकांनी करावी. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरी डोंगरावर काळ हळू चालतो आणि हे ‘नासा’ने मोजलंय. ब्रह्मदेवाचा दिवस आणि पृथ्वीचं वय तंतोतंत जुळतं. सिंहस्थ बरोबर बारा वर्षांनी येतो, म्हणजे काळ गोल फिरतो. विश्वाला सुरुवात नाही हे खगोलशास्त्रज्ञ नारळीकरांनीही मान्य केलं होतं. आणि अनंतातून अनंत वजा केलं तरी अनंतच उरतं, हे उपनिषदांनी आणि भास्कराचार्यांनी केव्हाच सांगितलं, गणित आता कुठे तिथे पोचतंय. मी या क्रमाने जाणार नाही. दुसऱ्या मुद्द्याने घरात नुकसान केलंय, तो आधी.

त्यामागे खरं भौतिकशास्त्र किती आहे ते सांगून टाकते, म्हणजे लपवाछपवीचा आरोप नको. १९०५ च्या विशेष सापेक्षता सिद्धांतातून असं निघतं, की एकमेकींपासून दूर घडलेल्या दोन घटना ‘एकाच वेळी’ घडल्या का, याला सर्वांना लागू पडेल असं एकच उत्तर नसतं. वेगवेगळ्या गतीने जाणारे दोन निरीक्षक वेगवेगळी उत्तरं देतात आणि दोघेही बरोबर असतात. १९०८ मध्ये मिन्कोव्स्की या गणितज्ञाने अवकाश आणि काळ यांची मिळून चार मितींची मांडणी केली. तिच्यावरून काही शास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ म्हणतात, की विश्व भूत-भविष्यासकट सबंधच अस्तित्वात आहे. ही गंभीर भूमिका आहे, तिला विरोध करणारेही तितकेच गंभीर आहेत, आणि आजवर कोणत्याही प्रयोगाने तिचा निकाल लावलेला नाही. इथवर मान्य.

पण मजकूर लिहिणाऱ्याने त्याच सिद्धांताचा दुसरा अर्धा भाग गिळून टाकलाय. निरीक्षकांमध्ये मतभेद होतो तो फक्त अशा घटनांच्या क्रमाबद्दल, ज्यांच्या मधल्या वेळात प्रकाशसुद्धा एकीकडून दुसरीकडे पोचू शकत नाही. प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. नाशिक-मुंबई अंतर १७० किलोमीटरच्या आसपास आहे. ते तोडायला त्याला सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या निम्म्याहून किंचित जास्त वेळ लागतो. म्हणजे नाशिकला एक घटना घडली आणि सेकंदभराने मुंबईत दुसरी, तर विश्वातला कोणताही निरीक्षक, कितीही वेगाने जात असो, त्यांचा क्रम उलटा पाहू शकत नाही. गोळी आणि मेंदूतली रक्तवाहिनी तर एकाच शरीरात आहेत आणि त्यांच्यामध्ये तास, दिवस, वर्षं आहेत. प्रकाशापेक्षा वेगाने निरोप जाऊ शकत नाही, या नियमामुळे ‘कारण आधी, परिणाम नंतर’ हा क्रम सर्वांसाठी एकच राहतो. आइन्स्टाइनचं नाव घेऊन गोळी सोडायला सांगणाऱ्याने नेमकी हीच गोष्ट वगळावी, याचा मला मनापासून संताप येतो.

बरं, भविष्य खरोखरच सबंध अस्तित्वात आहे असं धरून चालू. त्यात मावशीचं पंच्याऐंशीवं वर्ष असेल, तर तिथवर पोचताना घेतलेल्या गोळ्याही त्यातच आहेत. गोळ्या तेवढ्या काढून घ्यायच्या आणि वर्ष जागच्या जागी ठेवायचं, असं करता येत नाही. हा युक्तिवाद नवाही नाही. ग्रीकांकडे त्याला ‘आळशी युक्तिवाद’ असं नाव होतं : बरं व्हायचं ठरलेलं असेल तर वैद्य बोलावला काय नि न बोलावला काय. ख्रिसिप्पस नावाच्या तत्त्वज्ञाने दोन हजार वर्षांहून आधी त्याला उत्तर दिलं, की बरं होणं आणि वैद्य बोलावणं या दोन्ही गोष्टी जोडीनेच ठरलेल्या असतात. आपल्याकडे याज्ञवल्क्यस्मृती सांगते, की एका चाकावर रथ चालत नाही तसं प्रयत्नावाचून दैव फळत नाही. आणि ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण मराठी घरांत कुणाचं कौतुक करायला वापरत नाहीत.

नाशिककराला तर हे गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठावर, उभं राहूनच कळावं. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला, की काही वेळाने रामकुंडावर पाणी चढतं आणि पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर आलं ते बघायला गर्दी होते : गुडघ्याला, कमरेला, छातीला. धरणातून पाणी सुटल्यावर खाली काय होणार हे बऱ्यापैकी ठरलेलंच असतं. म्हणूनच काठावरचे दुकानदार सामान हलवतात. पाणी येणार हे ठरलंय, मग सामान राहू द्या, असं तिथे कुणी म्हणत नाही. येणारं जितकं पक्कं, तितकी हलवाहलव लवकर.

मावशीचं यावर म्हणणं होतं, “गोळी बंद केली तरी मला काही झालं नाही.” हे तर सगळ्यांनी नीट ऐकावं. वाढलेल्या रक्तदाबाची बहुतेकांना काहीच लक्षणं जाणवत नाहीत. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, आणि तेवढ्या वेळात हृदय, मूत्रपिंड आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या सोसत राहतात. पहिलं लक्षण पक्षाघात असू शकतं. काही प्रकारच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर दाब आधीपेक्षाही वर उसळतो. तिला मी डॉक्टरांकडे घेऊन गेले, मोजल्यावर दाब चढलेला निघाला, आता गोळी पुन्हा सुरू आहे. ज्यांच्या घरी असं घेऊन जाणारं कुणी नाही, त्यांच्यापर्यंतही हा मजकूर पोचलेला आहे.

याच मुद्द्यात एक वाक्य सरकवलंय : ‘भविष्य लिहिलेलं आहे म्हणूनच जाणकारांना पत्रिकेत ते वाचता येतं.’ आणि चार मुद्द्यांनंतर हाच मजकूर नारळीकरांची साक्ष काढतो! मग नारळीकरांनी महाराष्ट्रात स्वतः काय तपासलं ते ऐका. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी हुशार म्हणून निवडलेल्या १०० विद्यार्थ्यांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या जन्माची माहिती घेऊन २०० पत्रिका तयार केल्या. ज्योतिषांना आवाहन केलं, प्रत्येकाला ४० पत्रिका पाठवल्या आणि एवढंच विचारलं, की यातलं मूल हुशार की मतिमंद? २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं सरासरी प्रमाण ४६ टक्के आलं. नाणं उडवून उत्तर दिलं असतं तर ५० च्या आसपास आलं असतं. हा प्रयोग ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात २००९ मध्ये छापून आलाय. मुलाच्या आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट जर पत्रिकेत दिसत नसेल, तर मावशीच्या पक्षाघाताची तारीख कुणाला दिसणार आहे?

आता आइन्स्टाइनचं पत्र. ते खरं आहे. मिशेल बेसो हा त्याचा तरुणपणापासूनचा मित्र १९५५ च्या मार्चमध्ये वारला. त्याच्या घरच्यांना लिहिलेल्या सांत्वनाच्या पत्रात आइन्स्टाइन म्हणतो, की आम्हां भौतिकशास्त्रावर श्रद्धा असणाऱ्यांना भूत, वर्तमान आणि भविष्य यांतला फरक हा एक चिवट भास वाटतो. महिन्याभरातच, १८ एप्रिलला, तो स्वतः गेला. मित्राच्या मरणावर लिहिलेल्या चार ओळी म्हणजे सिद्धता नव्हे. सिद्धता त्याने शोधनिबंधांतून दिल्या आणि त्यांत ‘काळ नाही’ असं कुठेही नाही. काळ कसा मोजावा हेच त्यांत आहे. शिवाय कार्नाप या तत्त्वज्ञाने आपल्या आत्मवृत्तात नोंदवून ठेवलंय, की ‘आत्ता’चा प्रश्न मला फार अस्वस्थ करतो असं आइन्स्टाइन त्याला म्हणाला होता. माणसाला ‘आत्ता’ हा भूत-भविष्याहून अगदी वेगळा जाणवतो आणि भौतिकशास्त्रात हा वेगळेपणा सापडत नाही, ही त्याची खंत होती. ज्याला हा प्रश्न छळत होता, त्याच्या नावावर प्रश्न मिटल्याचं प्रमाणपत्र फिरवलं जातंय. आणि औषधोपचाराचंच बोलायचं तर १९४८ च्या डिसेंबरमध्ये पोटातल्या महाधमनीच्या फुगवट्यासाठी त्याने शस्त्रक्रिया करून घेतली. त्यानंतर तो सहा वर्षांहून जास्त जगला. शेवटच्या दुखण्यात त्याने दुसरी शस्त्रक्रिया नाकारली हे खरं. पण ती कृत्रिमपणे आयुष्य लांबवायचं नाही म्हणून, भविष्य आधीच घडलंय म्हणून नव्हे.

ब्रह्मगिरीचा मुद्दा खोटा तर आहेच, शिवाय उलटा आहे. गुरुत्वाकर्षणामुळे घड्याळांच्या चालीत फरक पडतो, हे शंभर टक्के खरं. पण उंचीवरचं घड्याळ पुढे जातं, मागे पडत नाही. टोकियोच्या स्कायट्री मनोऱ्यात जपानी शास्त्रज्ञांनी ४५० मीटरच्या अंतराने दोन अतिअचूक घड्याळं ठेवली आणि वरचं घड्याळ दिवसाला सुमारे ४ नॅनोसेकंद पुढे जाताना मोजलं. ब्रह्मगिरीचा माथा नाशिक शहराहून अंदाजे ६०० मीटर उंच आहे. हिशेब केला तर वर्षाला २ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचे १० लाख भाग करून त्यातले दोन. आणि तेही उलट्या बाजूने : वर राहणारा किंचित लवकर म्हातारा होतो. सत्तर वर्षं तिथे बसून राहिलं तरी फरक सेकंदाच्या सात हजाराव्या भागाएवढाच. हे माझ्या मते विलक्षण आहे. आपण राहतो त्या डोंगराच्या पायथ्याला आणि माथ्याला काळाची चाल वेगळी आहे आणि ती मोजता येण्याजोगी आहे, यात अद्भुत काय कमी होतं म्हणून ‘नासा’चं खोटं नाव जोडायचं?

ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा, पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं. तंतोतंत? फरक २२ कोटी वर्षांचा आहे. डायनासोर आले, जगभर पसरले आणि संपले, तो सगळा काळ या फरकात मावतो. आणि मजकूरवाल्याने रामकुंडावर सांगितला जाणारा संकल्प जरी कान देऊन ऐकला असता तरी त्याला कळलं असतं, की परंपरेच्या हिशेबाने हा दिवस संपलेला नाही. श्वेतवाराह कल्प (कल्प म्हणजेच ब्रह्मदेवाचा दिवस), त्यातलं सातवं वैवस्वत मन्वंतर, त्यातलं अठ्ठाविसावं कलियुग, त्याचा पहिला चरण. बेरीज करा : या कल्पाची १९७ कोटी २९ लाख वर्षं उलटलीत. मग पृथ्वीच्या ४५४ कोटींशी जुळवायचंच तर हा आकडा जुळवा. जुळत नाही. इतक्या प्रचंड आकड्यांत विचार करायचं धाडस त्या लोकांनी केलं, हे मोठंच आहे. ते मोठं ठरायला त्याला पृथ्वीच्या वयाचा टेकू लागत नाही.

सिंहस्थाचं लवकर उरकते. गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ कुंभमेळा. पण गुरूला सूर्याभोवती फिरायला १२ नव्हे, ११.८६ वर्षं लागतात. त्यामुळे बारा-बारा करत गेलं, की सात फेऱ्यांत जवळपास एक वर्ष जास्तीचं होतं आणि मधूनच कुंभ अकराव्या वर्षी घ्यावा लागतो. हरिद्वारला २०१० नंतर २०२१ ला झाला, तो याचमुळे. आणि गुरू त्याच राशीत परत आला म्हणजे काळ परत आला असं होत नाही. २००३ चा सिंहस्थ आणि २०१५ चा सिंहस्थ ज्यांनी दोन्ही पाहिलेत त्यांना हे समजावायची गरज नाही.

नारळीकर महास्फोट (बिग बँग) सिद्धांताला विरोध करत, हे खरं आहे आणि ते मला मान्य करावंच लागेल. हॉइल आणि बर्बिज या शास्त्रज्ञांबरोबर त्यांनी १९९३ मध्ये पर्यायी प्रारूप मांडलं, ज्यात विश्वाला एकच एक सुरुवात नाही. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांना ते पटलं नाही, कारण १९६५ मध्ये सापडलेल्या विश्वभर पसरलेल्या सूक्ष्मलहरींचा खुलासा महास्फोट सहज करतो. पण नारळीकर समीकरणं मांडून, चूक ठरण्याची तयारी ठेवून बोलत होते. त्यांना या मजकुराच्या पंगतीला बसवू नये.

अनंताचा मुद्दा शेवटी ठेवला, कारण मजकूर तिथे खऱ्या गोष्टीच्या सर्वांत जवळ जातो आणि तिथूनच परत फिरतो. ईशावास्य उपनिषदाच्या शांतिमंत्रात पूर्णातून पूर्ण घेतलं तरी पूर्णच उरतं असं म्हटलंय. तो मंत्र ब्रह्माविषयी आहे. त्याला वजाबाकीचा नियम केलं की लगेच अडचण येते. १, २, ३ अशा सगळ्या संख्या घ्या. त्यातून सम संख्या काढल्या तर विषम उरतात, त्याही अनंत. मंत्र जुळला. आता ११ आणि त्यापुढच्या सगळ्या काढा. काढल्या त्या अनंत, उरल्या दहा. हे मी मावशीला वहीवर दाखवत होते, तेव्हा तिनेच विचारलं, “आणि सगळ्याच काढल्या तर?” काहीच उरत नाही. अनंतातून अनंत वजा केल्याचं ठरावीक उत्तरच नाही, काय काढलं त्यावर ते अवलंबून.

भास्कराचार्यांबद्दलही अर्धं खरं आहे. ‘बीजगणिता’त ते शून्याने भागलेल्या संख्येला ‘खहर’ म्हणतात, तिला अनंत राशी मानतात आणि तिच्यात काही मिळवलं वा वजा केलं तरी फरक पडत नाही असं सांगतात. बाराव्या शतकात हा विचार करणं थोर आहे. पण ३ भागिले शून्य आणि ५ भागिले शून्य दोन्ही एकच संख्या मानली आणि शून्याने गुणून मूळ संख्या परत मिळते असंही धरलं, तर ३ आणि ५ समान होऊन बसतात. म्हणून आजचं गणित शून्याने भागाकार करतच नाही. गणित तिथे ‘आता कुठे पोचत’ नाहीये. ते तिथे जाऊन, अडचण पाहून, दुसऱ्या वाटेने गेलंय.

ती वाट मजकुरात यायला हवी होती. जैन ग्रंथांत संख्येय, असंख्येय आणि अनंत असे वर्ग आहेत आणि अनंताचेही पोटप्रकार आहेत. सगळे अनंत सारखे नसतात ही जाण त्यात आहे, एवढं श्रेय मजकुराने मागितलं असतं तर मी आनंदाने दिलं असतं. सिद्धता मात्र जर्मन गणिती कँटरने १८७४ मध्ये दिली आणि १८९१ मध्ये तिचं आणखी सोपं रूप मांडलं. ते काळालाच लावून बघा. काळ पुढे कधीच संपणार नाही असं समजा. त्यातल्या दिवसांना पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक देता येतील. यादी संपणार नाही, पण प्रत्येक दिवसाचा क्रमांक ठरलेला असेल. आता दुपारी १२ ते १ या एकाच तासातले क्षण घ्या. काळ सलग आहे असं धरलं तर प्रत्येक क्षण म्हणजे शून्य आणि एक यांच्यामधली एक दशांश संख्या, न संपणाऱ्या अंकांची. कुणी म्हणालं, मी या सगळ्या क्षणांची यादी केली. तर त्याच्या पहिल्या संख्येचा पहिला अंक बदलून घ्या, दुसरीचा दुसरा, तिसरीचा तिसरा, असं पुढे पुढे, फक्त बदललेला अंक ० किंवा ९ येऊ देऊ नका. तयार होणारी संख्या यादीतल्या प्रत्येकीहून निदान एका अंकात वेगळी आहे. म्हणजे तो क्षण यादीत नाहीच. यादी कशीही करा, क्षण बाहेर राहतोच. एका तासातले क्षण हे कधीही न संपणाऱ्या काळातल्या सर्व दिवसांपेक्षा जास्त आहेत.

मावशी बराच वेळ वहीकडे बघत राहिली आणि म्हणाली, “पण काळ सलग आहे हे कशावरून?” नेमका प्रश्न. सेकंदाच्या १० च्या उणे ४४ व्या घाताएवढ्या तुकड्यापाशी, ज्याला प्लांक काळ म्हणतात, गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत आणि पुंजभौतिकी (क्वांटम भौतिकी) एकमेकांशी जुळेनासे होतात. तिथे काळ सलग राहतो की त्याचे दाणे होतात, हे कोणत्याही प्रयोगाने ठरलेलं नाही. शाळा सोडून पन्नासेक वर्षं झालेल्या बाईला हा प्रश्न पडू शकतो. तिला ‘सगळं आधीच घडलंय, गोळी सोड’ असं उत्तर पाठवणाऱ्याने बाकीचे सहा मुद्दे हवे तर सुधारत बसावं. दुसरा आजच काढावा, आणि ज्या ज्या ग्रुपवर तो पाठवला तिथे काढल्याचं लिहावं.